मशीन घेतो एक, गवत कापते दुसरी



पाऊस उघडला की दरवर्षी तोच विषय. सकाळी डेअरीवर दूध घालायला उभं राहिलं की कुणीतरी मोबाईल पुढं करतं. "दादा, हे बॅटरीचं गवत कापायचं मशीन घेऊ का? ४८ व्होल्टचं आहे, ३ हजारात बसतंय." मागून दुसरा म्हणतो, "बॅटरीचं म्हणजे खेळणं. घ्यायचं तर पेट्रोलचं घे." माझं म्हणणं आहे की दोघंही चुकतात. कुणाला राग आला तर येऊ द्या, आज सविस्तर लिहितो.

आधी माझी स्वतःची फजिती. दोन वर्षांपूर्वी मी असंच मोबाईलवर व्हिडिओ बघून एक मशीन मागवलं. व्हिडिओत विशीतला पोरगा हिरव्यागार मऊ गवतावरनं मशीन फिरवतोय, गवत लोण्यासारखं कापलं जातंय. आमचं रान सांगोल्याकडचं. आपल्याकडं लॉन कुठलं? गोठ्यामागं हराळी, बांधावर मारवेल आणि कुंदा, वाटेला गाजरगवत, आणि सगळीकडं खडे. मशीन आलं, चार्ज केलं, गोठ्यामागं सुरू केलं. आठ मिनिटांत बंद. परत चार्ज केलं, परत आठ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात मोटरमधून जळका वास आला आणि विषय संपला. आमच्या मंडळींनी काही न बोलता विळा उचलला आणि खाली बसून उरलेलं गवत कापलं. त्या न बोलण्याचंच जास्त लागलं.

माझा पुतण्या मोबाईल दुरुस्ती करतो. त्यानं तो पॅक उघडला. (तुम्ही घरी उघडू नका. लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो.) आत पाच सेल निघाले, ओळीत जोडलेले. एक लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८ व्होल्ट, भरल्यावर २१. मीटर लावून बघितलं तर २०.६ दाखवलं. मग ४८ कुठून आले? लेबल नीट वाचा, त्यावर "४८ व्हीएफ" असतं. व्होल्टच्या पुढं 'एफ' चिकटवला की ते माप राहत नाही, मॉडेलचं नाव होतं. खऱ्या ४८ व्होल्टला १३ सेल ओळीत लागतात. यातला एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नुसते सेलच अर्ध्या किलोच्या वर गेले पाहिजेत. दुकानात पॅक काढून वजनकाट्यावर ठेवा. पाव किलोचा पॅक आणि ४८ ची बढाई असेल तर तिथूनच मागं फिरा.

आता जे विचारायचं ते. व्होल्ट विचारू नका, वॅट-तास विचारा. हिशोब दुसरीच्या पोराचा आहे, व्होल्ट गुणिले एएच. माझ्या त्या पॅकवर २ एएच लिहिलं होतं. १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॅट-तास. गवत कापताना मोटर ३०० वॅट ओढत असेल तर ३६ भागिले ३००, म्हणजे सात मिनिटं. मशीन खोटं बोलत नव्हतं, लेबल बोलत होतं.

इथं बरेच जण म्हणतील, आमचा फवारणीचा पंप १२ व्होल्ट ८ एएचचा आहे, तो तर दोन-अडीच तास चालतोय. बरोबर आहे. ती बॅटरी ९६ वॅट-तासांची, आणि पंपाची मोटर अशी ३०-४० वॅटच घेते. पाणी ढकलणं वेगळं आणि गवताचा बुडखा तोडणं वेगळं. फवारणी पंपाच्या अंदाजानं गवताचं मशीन घेतलं की माझ्यासारखं होतं.

पेट्रोलवाल्यांचंही ऐकून घेऊ, कारण त्यांचं एक म्हणणं खरं आहे. १ लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. इंजिनानं त्यातली बरीचशी वाया घालवली तरी बॅटरीचा पॅक त्याच्या जवळपास जात नाही. एकर-दोन एकर बागेतलं गवत असेल तर बॅटरीच्या नादाला लागू नका. तिथं पेट्रोलचं मशीन किंवा ट्रॅक्टरचं. पण मी बोलतोय ते घराच्या भोवतालचं, गोठ्यामागचं, विहिरीच्या वाटेचं, जवळच्या बांधाचं. दोन-चार गुंठ्यांचं काम, पण दर पंधरा दिवसांनी येणारं. आणि हे काम आपल्या घरात कोण करतं ते छातीवर हात ठेवून सांगा.

बायका करतात. बसून, विळ्यानं, डाव्या हातानं गवताची मूठ धरून. गेल्या भाद्रपदात आमच्या गोठ्यामागं अशीच मूठ धरायला हात घातला आणि हातभर अंतरावर घोणस वेटोळं घालून बसलेली. नशीब, की ती फुसफुसली. मी त्या वेळी कुठं होतो? पेट्रोलचं मशीन सुरू होत नाही म्हणून मिस्त्रीकडं. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकटून बसलं होतं. महिनाभर पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकची दोरी ओढून ओढून माझाच खांदा भरून येतो, ती काय ओढणार? शिवाय ऑइलचं प्रमाण, खांद्यावर सात-आठ किलो, कानाशी आवाज. पेट्रोलचं मशीन घरात असतं म्हणजे ते "मालक घरी असतील तेव्हा" असतं. गवत मालकाची वाट बघत नाही आणि सापही बघत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी तिला दुकानात घेऊन गेलो. दुकानदार सगळं माझ्याकडं बघून सांगत होता. ब्रशलेस मोटर, इतके आरपीएम, तितकं कटिंग. (ब्रशलेस घ्याच. कार्बन झिजायची भानगड राहत नाही आणि त्याच चार्जमध्ये काम जास्त होतं.) तिनं एकच विचारलं, "भाऊ, यानं कापलेलं जनावरांना घालता येईल का?"

दुकानदार गप्प. मी पण गप्प. खरं सांगतो, मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. नायलॉनची तार गवत कापत नाही, फोडते. मारवेलचा चुरा होतो, मातीत मिसळतो, आणि तार झिजते ते प्लास्टिकचे तुकडे त्याच चुऱ्यात जातात. ते गव्हाणीत टाकायचं का? बांधाचं गवत आपल्याकडं कचरा नाही, वैरण आहे. कंपनीच्या माणसाला ते कळत नाही, कारण तिकडं गवत कापून फेकायचं असतं. शेवटी धातूचं पातं बसेल असंच मशीन घेतलं. वैरणीच्या गवताला पातं, आणि गोठ्याच्या भिंतीकडेला, दगडाशी तार. पातं दगडावर आपटलं की मशीन झटका देऊन उलटं येतं, तिथं पातं नकोच. साखळीच्या तुकड्यांचं जे डोकं ऑनलाइन विकतात ते फुकट दिलं तरी घेऊ नका. कडी तुटून उडाली की जीव घेते. युरोपात अशा जोडपात्यांवर २०१२ साली बंदी घातली, ती उगाच नाही.

मग तिनं दहा मिनिटं मशीन पट्ट्यासकट अंगावर घेऊन दुकानात येरझाऱ्या मारल्या. पहिलं नापास केलं, दांडा लांब आणि सगळं वजन पुढं. दुसऱ्याचं सेफ्टी बटण तिच्या बोटाला पोचेना. तिसरं घेतलं. ३६ व्होल्ट, ४ एएच, म्हणजे १४४ वॅट-तास. किंमत १५ हजारांच्या वर गेली, हे लपवत नाही. पण ३ हजार पाण्यात घातल्यावर ही गोष्ट कळली. हराळीत एका चार्जवर पंचवीस मिनिटं चालतं, दाट मारवेलात अठराच्या आसपास. गोठ्यामागचे दोन गुंठे होतात. चार्जिंगला घरच्या लाईटवर पाव युनिटसुद्धा लागत नाही. शेतीच्या रात्रीच्या लाईटचा संबंधच नाही.

घेण्याआधी सुट्ट्या पॅकची किंमत विचारा आणि तो तालुक्याला मिळतो का तेही. एका कंपनीचा पॅक दुसऱ्याला बसत नाही, आणि दोन-चार वर्षांनी लागणार तो पॅकच. काम झाल्यावर तापलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नका. उन्हाळ्यात ठेवायचा तर अर्धा भरून सावलीत ठेवा, अगदी रिकामा ठेवला तर मरतो. डोळ्याला चष्मा, पायात बूट, आणि गाजरगवत असेल तर अंगभर कपडे, नाहीतर आठवडाभर खाजवत बसाल. ते फुलाच्या आधीच कापा. लव्हाळा कापून जात नाही, त्याच्या गाठी खाली असतात. त्यासाठी मशीनला दोष देऊ नका. डाळिंबाच्या लहान रोपाशी तार नेऊ नका, बुंध्याची साल गोल निघाली की रोप गेलं.

या पानावर कृषी खात्यातले, कंपन्यांतले बरेच मित्र आहेत, त्यांना एक सांगणं. मेळाव्यात प्रात्यक्षिक ठेवता ते मैदानावर, आणि मशीन धडधाकट पोराच्या हातात. एकदा खड्याच्या बांधावर ठेवा. समोर खुर्चीत बसवलेल्या बायकांपैकी एकीच्या हातात द्या आणि तिनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या. निम्मी मशीनं त्या दिवशीच परत जातील. जी परत जाणार नाहीत त्यांची नावं मी स्वतः इथं लिहीन, फुकट.

आता आवरतो. ठिबकची नळी कापली गेलीय, जॉइनर आणायला निघालोय. या महिन्यातली तिसरी. तिन्ही वेळा मशीन माझ्या हातात होतं.