आमची पोरगी तिकडं शिकायला गेली तर?

सोलापूरच्या ज्या वस्तीत आमची दर शुक्रवारी बैठक असते, तिथल्या एका विडी कामगार बाईंची मुलगी परवा कागद घेऊन आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात ‘सामाजिक उद्योजकता आणि नवोपक्रम’ या विषयात एम.ए. करायचं तिच्या मनात आहे. त्यासाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य सरकार ही शिष्यवृत्ती देतं. मी कागद वाचला आणि बोलून गेले, “अगं, हे शिकायला तिकडं कशाला जायचं? इथं काय काम कमी आहे?”

तिची आई मांडीवर सूप घेऊन पानं कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, तिकडची माणसं आमच्याकडं बघायला येतात, फोटो काढून नेतात. आमची पोरगी तिकडं शिकायला गेली तर काय झालं? बाबासाहेब नव्हते गेले?”

मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः एम.एस.डब्ल्यू.साठी घर सोडून मुंबईला गेले, तेव्हा मला असं कुणी विचारलं असतं तर मी भांडले असते. विडी कामगाराच्या मुलीला मात्र मी सहज विचारलं. वस्तीतल्या मुलीनं शिकून वस्तीतच राबावं, असं आपण कार्यकर्त्या मनात धरून बसतो की काय?

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच्या तीस वर्षं आधी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या होत्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. तिथं त्यांनी किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली, इथल्या बाईच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं, गावोगाव भाषणं केली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या शाळेला दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजे पुढच्या बाया कर्वे. आजच्या भाषेत रमाबाईंना सामाजिक उद्योजक म्हणतील. म्हणोत बापडे. महत्त्वाचं हे, की पैसा आणि पद्धत बाहेरची असली तरी केशवपन झालेल्या मुलीला काय हवं, हे बोस्टननं रमाबाईंना शिकवलं नव्हतं. ते त्या इथून घेऊन गेल्या होत्या.

तेव्हा जाण्याबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. तक्रार आहे ती तिथं शिकवतात त्या एका गोष्टीबद्दल. या विषयात ग्रामीण बँकेचा धडा असतोच. महंमद युनूस आणि त्यांच्या बँकेला २००६ मध्ये नोबेल मिळालं. पण छोट्या कर्जाच्या याच वाटेनं पुढं नफेखोर कंपन्या आल्या आणि २०१० मध्ये आंध्रात हप्त्यांच्या तगाद्यानं काय झालं, तेही त्याच धड्यात शिकवायला हवं. आमच्या वस्तीतही हप्त्याच्या दिवशी दारं लावून बसणाऱ्या बाया आहेत. प्रत्येक गरीब बाईला उद्योजक म्हटलं की मालक सुटतो. घरी बसून विडी वळणारी बाई उद्योजक नाही, कामगार आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं तिला तसं मानलं होतं. तिला किमान वेतन हवं, फंड हवा. तिच्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या जातात त्याचा जाब हवा. या गोष्टी कर्जानं मिळत नाहीत, युनियननं मिळतात.

आणि नवोपक्रमच बघायचा, तर आपल्या शेजारच्या साताऱ्यात, म्हसवडला बघा. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायांनी बँकेसाठी अर्ज केला. अर्जावर अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बाया रात्री अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सोलापूरला लागून कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत आहे: दहा हजार घरं, विडी कामगार बायांची. मोर्चे काढून, सहकारी संस्था करून, स्वतःचा हिस्सा भरून ती मिळवली. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते किल्ल्या वाटल्या गेल्या. मी त्या मुलीला म्हटलं, “जायच्या आधी कुंभारीला चार दिवस राहून ये. कागद कुणी लिहिले, हिस्सा कसा भरला, विचारून ये. तिकडं वर्गात सांगायला तुझ्याकडं काहीतरी असेल.”

ती म्हणाली, “ताई, माझी मावशी तिथंच राहते. तिचा हप्ता मी लहानपणी आईबरोबर जाऊन भरलाय.”

आता अडलंय ते घरात. वडील म्हणतात, आधी लग्न. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगला मात्र त्यांनी कर्ज काढलं आहे. अर्जाची मुदत महिनाअखेरीला संपते. आईनं विचारलं आहे, जामीनदार लागले तर तुम्ही राहाल का? मी हो म्हटलंय. येत्या शुक्रवारची बैठक त्यांच्याच ओसरीवर घ्यायची ठरलीय, म्हणजे वडिलांनाही बसावं लागेल.