ग्रहणाला दोष कशाला?

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट दिसते. घरचे मोबाईलच्या कॅमेऱ्याला नावे ठेवतात. पुढे तोच डोळा तिरळा दिसू लागला की कुणीतरी बाळाच्या आईला विचारतेच, 'काय गं, गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतंस?'

ती पांढरी चमक रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरील कर्करोगाची असू शकते. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो, बहुधा पाच वर्षांच्या आतच. हा पडदा म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग. गर्भात त्याच्या पेशी आधी भराभर वाढतात आणि मग वाढ थांबवून एकेक काम पत्करतात. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशी सर्वांत आधी घडतात, रंग टिपणाऱ्या शंकू पेशीही लवकरच, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंड पेशी मागाहून. 'आता पुरे' असे बजावणारे प्रथिन तेराव्या गुणसूत्रावरच्या आरबी-1 या जनुकातून बनते. त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दोन्ही गेल्या की अर्धवट घडलेली शंकू पेशी वाढतच सुटते. (उंदरात एवढ्याने गाठ होत नाही. माणसाच्या शंकू पेशींतच ती खोड आहे.) आल्फ्रेड नुडसन यांनी 1971 साली अवघ्या 48 रुग्णांच्या नोंदींवरून हा दोन आघातांचा हिशेब मांडला. प्रत्यक्ष जनुक हाती लागायला 1986 साल उजाडले.

आता ग्रहणाचे पाहू. सुमारे 60 टक्के मुलांत हे दोन्ही बिघाड पडद्यातल्या एखाद्या पेशीत निव्वळ योगायोगाने होतात. उरलेल्यांत एक बिघाड जन्मापासून सगळ्या शरीरात असतो. त्यातही घराण्यात पूर्वी कुणालाच नसलेला बिघाड असेल, तर तो बहुतेक वेळा बापाच्या शुक्रपेशीत झालेला आढळतो. त्याला मात्र ग्रहण पाळायला कुणी सांगितले नव्हते! अर्थात त्याचाही यात काही गुन्हा नाही.

गुन्हा आहे तो उशिराचा. श्रीमंत देशांत या आजाराची 95 टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे अनेक मुले दवाखान्यात पोहोचतात तेव्हा गाठ डोळ्याबाहेर पसरलेली असते. मग डोळा तर जातोच, कधी मूलही. 2013 साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. तो हुडकायला बाहुलीत प्रकाश टाकून लाल चमक पाहावी लागते, आणि या गाठीचा संशयही त्याच तपासणीत येतो. काम दोन मिनिटांचे आहे. लस टोचण्याच्या प्रत्येक खेपेला ते सक्तीचे करायला सरकारला नवी योजना नको, नवा निधीही फारसा नको.

तोवर आईबापांनी एवढे करावे. बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा वाटला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि थेंब घालून पडदा तपासायला सांगावे. गाठ निघालीच तर भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत.