आतड्याच्या तपासणीची निम्मी तयारी घरात

शौचावाटे रक्त पडू लागले की ते मूळव्याधीचेच असणार, असा निर्वाळा वऱ्हाडातील खेड्यांत घरच्या घरीच दिला जातो. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. परंतु जेव्हा तो खोटा ठरतो तेव्हा वर्ष-दोन वर्षे हातची गेलेली असतात. म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचविली तर ती टाळू नये हे खरेच. परंतु या तपासणीची निम्मी तयारी रुग्णालयात नव्हे, रुग्णाच्या घरात होते, हे त्याला कोणी नीट समजावून सांगत नाही.

गुरुकुंज मोझरी हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापिला. ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्याचा विचार त्यांनी ज्या भाषेत मांडला, ती शेतात राबणाऱ्या माणसाची भाषा होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे कर्करोगाने निधन झाले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचेच नाव दिलेले आहे. अशा गावच्या रुग्णाच्या हाती पडणारा सूचनांचा कागद मात्र पुष्कळदा इंग्रजीत असतो, आणि त्यात टोस्ट, सूप व जेली यांचा उल्लेख असतो. ज्याच्या घरी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी शिजते, त्याने यातून काय बोध घ्यावा?

सांगावयाचे ते साधे आहे. आतडे आतून स्वच्छ नसेल तर दुर्बिणीला काही दिसत नाही. तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस भाकर, पालेभाज्या, तुरीच्या शेंगा, शेंगदाणे, तीळ-जवसाची चटणी, पेरू, सीताफळ आणि संत्र्याच्या फोडी बंद. मऊ भात, रव्याचे पदार्थ, साल काढलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी केवळ निवळ पेय : वरणाचे वरचे गाळलेले पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू-सरबत, बिनदुधाचा चहा. फोडणीतील मोहरीसुद्धा अडचण करते. लाल-जांभळे पेय घेऊ नये, कारण पडद्यावर ते रक्तासारखे दिसते. नंतर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा दोन लिटर किंवा त्याहून अधिक पाण्यात घालून प्यावयाची : अर्धी आदल्या सायंकाळी, अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी. शौच पातळ झाले एवढ्याने भागत नाही. ते निवळ, पिवळसर पाण्यासारखे झाले पाहिजे. जुलाब सुरू झाले म्हणून उरलेले औषध मोरीत ओतणारे रुग्ण थोडे नसतात. तेथेच तपासणी वाया जाते, आणि पैसा व उपास दोन्ही पुन्हा करावे लागतात.

परंतु सगळा दोष रुग्णावर टाकणे न्याय्य नव्हे. सकाळी नऊची वेळ मिळालेल्या मोझरीच्या माणसाने औषधाचा दुसरा भाग पहाटे तीन-चारला घ्यावयाचा आणि त्यानंतर अमरावतीची एस.टी. गाठावयाची, नागपूरला जावयाचे तर शंभरावर किलोमीटर. गाडीत शौचालय नाही. अशा वेळी माणूस औषध टाळील नाही तर काय करील? बाहेरगावच्या रुग्णाला दुपारची वेळ द्यावी, किंवा आदल्या रात्री तेथेच मुक्कामाची सोय करावी, यात रुग्णालयांना फारसे जड जाण्याचे कारण नाही. वेळ देताना ‘कोठून येता?’ हा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

औषधांच्या बाबतीत स्वतःचे शहाणपण धोक्याचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत आणि न विचारता चालूही ठेवू नयेत; त्या कोणी लिहून दिल्या हे सांगून निर्णय डॉक्टरांकडून घ्यावा. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. मधुमेह्याने उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम उतरते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास कोणते रेचक घ्यावयाचे हे आधीच विचारणे अगत्याचे, कारण फॉस्फेटयुक्त रेचके मूत्रपिंडास इजा करू शकतात.

तपासणी बहुधा पाऊण तासाच्या आत आटोपते. गुंगीचे औषध दिलेले असल्यास सोबत घरचे जाणते माणूस हवेच. त्यानंतरचे चोवीस तास मोटारसायकल चालवू नये, विहिरीवर अथवा मळणीयंत्रापाशी जाऊ नये, कर्जाच्या वा विक्रीच्या कागदावर सही करू नये. माणूस शुद्धीवर दिसतो, पण त्याचे भान पुरते परतलेले नसते. पोटात वारा धरणे, एक-दोन दिवस शौच न होणे यांत भय नाही. तुकडा काढला असल्यास किंचित रक्तही दिसते. मात्र पोट सतत दुखून कडक होणे, ताप, वांती, भोवळ किंवा रक्ताच्या गाठी पडणे यांपैकी काहीही झाल्यास उजाडण्याची वाट पाहू नये. आतड्याला छिद्र पडणे हजारात एखाद्याच्या, किंबहुना त्याहूनही कमी जणांच्या वाट्याला येते, पण तेथे तासांना मोल असते. मांसांकुर काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो. म्हणून रात्री कोणाला दूरध्वनी करावा तो क्रमांक कागदावर ठळक लिहिलेला असावा, आणि तो मागून घेण्यात रुग्णाने संकोच करू नये.

पुष्कळ रुग्ण येथेच विषय संपला असे मानतात, ही मोठी हानी. तुकड्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. तो आणलाच पाहिजे. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत पोहोचली काय, स्वच्छता पुरेशी होती काय, पुढची तपासणी केव्हा, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. मांसांकुराचा कर्करोग व्हावयास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो, आणि तो वेळीच काढला तर पुढचे संकट टळते. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात. आतड्याचा येत नाही. त्यामुळे कर्करोग निघालाच, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना ते घरच्याच कोणीतरी सांगावे लागते : त्यांची तपासणी चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग सापडला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू व्हावयास हवी.