मामा, माउसला हात लावू नकोस!

परवा शनिवारी सकाळीच ताईचा फोन. ‘अरे, हिच्या वर्गातली निम्मी पोरं कोडिंगच्या क्लासला जातात. तू दिवसभर तेच करतोस ना? मग शिकव की भाचीला!’ आता बोला! भाचीचं वय वर्षं आठ. आणि आपण आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका निस्तरून वैतागलेले. पण ताईला नाही म्हणायची आपली काय बिशाद?

माझ्याकडे एक मायक्रोबिट पडून होता. २०१६ साली बीबीसीने ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना सुमारे दहा लाख फुकट वाटले, तोच हा. क्रेडिट कार्डाच्या निम्म्याएवढा बोर्ड. त्यावर २५ चिमुकले लाल दिवे, दोन बटणं आणि हलवलं की ओळखणारा सेन्सर. टायपिंगची कटकट नाही. स्क्रीनवर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि केबलने प्रोग्रॅम बोर्डात उतरवायचा. मग दोन छोटे पेन्सिल सेल लावले की बोर्ड हातात घेऊन घरभर हिंडा! (बटण सेल मात्र नको. लहान मूल गिळलं तर जिवाशी खेळ.)

आम्ही ल्युडोचा फासा करायचं ठरवलं. ‘हलवल्यावर’, ‘आकडा दाखव’, ‘कुठलाही एक निवड’ असे तीन ठोकळे. बोर्ड हलवला, नऊ आले! त्या ठोकळ्यात आधीपासूनच शून्य ते दहा भरलेलं असतं. भाची खो खो हसत सुटली. आणि मी? सवयीने माउस ओढला, दोन सेकंदांत एक ते सहा करून मोकळा. ‘हे बघ, झालं!’

ती काहीच बोलली नाही. नजर टीव्हीकडे. डेमो सक्सेसफुल, क्लायंट गायब!

मग मी गुपचूप परत शून्य ते दहा केलं, माउस तिच्या हातात दिला आणि स्वतःचे हात खिशात घातले. सांगतो, दहा मिनिटं गप्प बसणं हे माझ्या करिअरमधलं सगळ्यात अवघड काम होतं. तिने दहाचे सहा केले. हलवलं, तर शून्य! मला राहवेना. ती म्हणाली, ‘असू दे मामा. शून्य आलं की सोंगटी जागेवर झोपणार.’ आमच्या धंद्यात यालाच फीचर म्हणतात राव!

ऑफिसमध्ये असं शून्य दिसलं असतं तर बॉसला सीसी ठेवून मेल आला असता. चूक सापडल्यावर आपण शेवटचं कधी हसलो, मला तर आठवेना.

सोमवारी टीममधला ज्युनियर अडकला. माझा हात त्याच्या कीबोर्डकडे निघालाच होता. मागे घेतला. म्हटलं, ‘तूच बघ. मी इथेच बसलोय.’

वीस मिनिटं लागली त्याला. पण सापडल्यावर गडी जो हसला ना... सेम टू सेम भाची!