आपण मालक की कूळ?

मंडळी, दुकानात कोथिंबिरीची जुडी चारही बाजूंनी निरखून घेणारी आपण माणसं! पण कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम घालताना लायसन्सचा करारनामा समोर आला, की 'मान्य आहे' या बटणावर टिचकी मारून मोकळे होतो. "वाचून काय उपयोग? ते थोडीच बदलणार आहेत!" हा आपला ठरलेला युक्तिवाद.

आम्हाला तो पटत नाही. इथली कोर्टं हे करार खरे मानतात. १९९६ च्या प्रोसीडी खटल्यात खोक्याच्या आतला करार ग्राहकाला लागू ठरला. कारण? अटी नापसंत असतील तर माल परत करायची सोय त्याला दिलेली होती. २०१० साली ऑटोकॅडच्या जुन्या प्रती ईबेवर विकणाऱ्या गृहस्थाला अपील कोर्टाने सांगितलं, की त्या प्रती कंपनीने मुळात विकल्याच नव्हत्या, फक्त वापरायला दिल्या होत्या. म्हणजे सातबारा कंपनीच्या नावावर, आपण नुसतं कूळ. आणि इथे कूळकायदाही नाही!

२०२४ मध्ये फ्लोरिडात तर कहर झाला. डिस्नेच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर पत्नी दगावली, म्हणून पतीने दावा लावला. कंपनीचं म्हणणं, याने २०१९ मध्ये डिस्ने प्लस घेताना अटी मान्य केल्या होत्या, तेव्हा कोर्ट नाही, लवाद! लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने तो मुद्दा सोडला. पण सगळीकडे अशी ओरड होईलच असं नाही.

मग तीस पानं वाचायची? छे! शोधायच्या खिडकीत चार शब्द टाका. 'रिफंड': नको असेल तर परत कधीपर्यंत देता येईल? 'रिन्युअल': दरवर्षी कार्डावरून आपोआप पैसे जाणार का? 'थर्ड पार्टी': आपली माहिती आणखी कोणाला मिळणार? आणि सर्वांत महत्त्वाचा 'आर्बिट्रेशन', म्हणजे लवाद. काही करारांत ३० दिवसांच्या आत लेखी कळवलं, तर लवादाच्या अटीतून बाहेर पडता येतं. एक साधं पत्र पुरतं! कोर्टात जायचा हक्क शाबूत राहतो. पण ही सवलत वाचणाऱ्यालाच कळते. न वाचणाऱ्याची मुदत गुपचूप संपून जाते.

आणि हो, कराराची प्रत तारीख घालून जपून ठेवा. कंपन्या अटी बदलत असतात. आपण नेमकं काय मान्य केलं होतं, याचा पुरावा आपल्याजवळ हवा.