फोनो प्रीअँप आणि जुन्या तबकड्या
तबकडीच्या खाचेतून धावणाऱ्या सुईमुळे कार्ट्रिजमध्ये उमटणारा विद्युतसंकेत, हलत्या चुंबकाच्या प्रचलित प्रकारात, जेमतेम 5 मिलिव्होल्टचा असतो. तो वाढवणे हे फोनो प्रीअँपचे एक काम असले, तरी त्याची खरी कसोटी स्वरांचा समतोल पूर्ववत करण्यात असते, कारण खाचा अरुंद राहाव्यात आणि पृष्ठभागाची खरखर दबावी म्हणून मुद्रणाच्या वेळी खर्जाचे स्वर मुद्दाम क्षीण व तीव्र स्वर मुद्दाम ठळक केलेले असतात. अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाने 1954 च्या सुमारास स्वीकारलेला ‘आरआयएए’ हा समतोलाचा मानक आलेख त्यानंतरच्या लाँगप्ले तबकड्यांना चपखल बसतो. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या मात्र त्याआधीच्या असून, त्यांपैकी मायक्रोफोन येण्यापूर्वी, कर्ण्यासमोर गाऊन मुद्रित झालेल्यांना असा कोणताही विद्युतीय आलेख लावलेलाच नव्हता (त्यांना सुईही सुमारे तिप्पट जाड लागते, ही बाब विक्रेते क्वचितच सांगतात). म्हणून अशा संग्रहाचे डिजिटायझेशन करणाऱ्याने आलेख बदलता येणारा, किंवा सर्व स्वर सारख्याच प्रमाणात वाढवणारा ‘सपाट’ प्रीअँप निवडावा, 24 बिटांत मुद्रण करावे आणि समतोल नंतर संगणकावर साधावा. व्हॉल्व्हच्या ‘उबदार’ आवाजासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा 47 किलोओहमचा योग्य भार आणि उपकरणाची स्वतःची अल्प कुजबुज यांकडे पाहणे या कामी अधिक शहाणपणाचे आहे.