दोघांचे भांडण, तिसऱ्याचे नुकसान

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु एकस्वाच्या, म्हणजे बोलीत आपण ज्याला पेटंट म्हणतो त्याच्या, भांडणात ती नेमकी उलटी होते. भांडतात दोन कंपन्या आणि टांगणीला लागते ते पदरचे पैसे मोजून वस्तू घरी आणणारे गिऱ्हाईक. न्यायालयात त्याला वकील नसतो. किंबहुना आपल्यावर खटला चालू आहे हेही त्याला ठाऊक नसते.

आमच्या गोराईतच पाहा. ज्या एस्सेल समूहाने 1989 साली येथे एस्सेलवर्ल्ड उभारले, त्याच समूहाने 2003 साली 'डिश टीव्ही' सुरू केली आणि छपरांवर छत्र्या दिसू लागल्या. पुढे 2008 साली टाटा स्कायने कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारा संच आणला. पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईचे डोळे रात्रीच्या मालिकेपर्यंत उघडे राहत नाहीत. तिच्या दृष्टीने असा संच म्हणजे चैन नव्हे, सोय आहे. ही सोय एके सकाळी एकाएकी नाहीशी झाली तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. अमेरिकेतील 'टिव्हो' कंपनीला 2001 साली एका युक्तीचे पेटंट मिळाले. चालू कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवीत असतानाच तो थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा पाहायचा, अशी ती युक्ती. उपग्रहामार्फत 'डिश नेटवर्क' ही सेवा पुरवणाऱ्या 'एकोस्टार' कंपनीने ती आपल्या संचांत वापरली, असा दावा टिव्होने 2004 साली टेक्सासमध्ये लावला. (नावात साम्य असले, तरी आपली डिश टीव्ही निराळी.) एप्रिल 2006 मध्ये ज्यूरीने टिव्होच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे 7 कोटी 40 लाख डॉलरची भरपाई ठरवली.

येथवर सारे रास्तच झाले. परंतु ऑगस्टमध्ये निघालेल्या मनाई हुकमाने नव्या विक्रीवर बंदी घातली, शिवाय लोकांच्या घरी आधीच बसलेल्या संचांतील मुद्रणाची सोय तीस दिवसांत बंद करण्यास फर्मावले. त्यासाठी कुणाच्या दारात जाण्याचीही गरज नव्हती. ज्या वाटेने आकाशातून कार्यक्रम येतात, त्याच वाटेने आज्ञा पाठवून घरातली वस्तू मुकी करता येते!

अपिलामुळे हुकमाची अंमलबजावणी लांबली. एकोस्टारने संचांतील सॉफ्टवेअर बदलले. तरी 2009 साली न्यायालयाचा अवमान केल्याचा ठपका तिच्यावर आलाच. अखेर मे 2011 मध्ये 50 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि संकट टळले. सात वर्षे लाखो घरांतली सोय दोऱ्यावर लोंबकळत होती.

कुणी म्हणेल, दुसऱ्याची कल्पना फुकट वापरू द्यावी काय? मुळीच नाही. ज्याने बुद्धी झिजवली त्याला मोल मिळालेच पाहिजे. नाहीतर नवे शोधण्याची उमेद कोण धरील? पण मोल कुणाकडून वसूल करायचे, हा खरा मुद्दा आहे. त्याच हुकमातून 1,92,708 संच वगळलेले होते, कारण त्या संचांपायी टिव्होचा बुडालेला नफा भरपाईत धरला गेला होता. याचा अर्थ उघड आहे. पैशाने नुकसान भरून आले की घरातला संच चालू ठेवता येतो. मग हाच न्याय उरलेल्या संचांना, त्यांचीही पुरेशी किंमत ठरवून, का लावू नये?

त्या न्यायालयाने म्हटले, की हे संच करमणुकीचे आहेत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न येथे नाही. आपल्याकडे 2008 साली रोश आणि मुंबईची सिप्ला यांच्या कर्करोगावरील औषधाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने लोकहित लक्षात घेऊन अंतरिम मनाई नाकारली. रोशची गोळी 4,800 रुपयांची होती, तर सिप्लाची 1,600 रुपयांची. औषध आणि मालिका एका तागडीत घालू नयेत, हे मान्य. तथापि ज्याने दाम मोजले त्याचा हक्क वस्तू करमणुकीची आहे एवढ्यावरून हलका ठरत नाही.

आपला कायदाही आपण वाचून ठेवावा. पेटंट कायदा, 1970 च्या 48व्या कलमाप्रमाणे पेटंट असलेली वस्तू परवानगीवाचून 'वापरणे' हाही मालकाच्या हक्कावर घाला ठरू शकतो. 108व्या कलमाप्रमाणे उल्लंघन करणारा माल भरपाईवाचून जप्त किंवा नष्ट करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. उलट, मालविक्री कायदा, 1930 खरेदीदाराला वस्तूच्या निर्वेध उपभोगाची हमी देतो; पण ती वसूल करायला त्याने स्वतः विक्रेत्याच्या मागे धावायचे!

म्हणून माझे मागणे साधे आहे. विकल्या न गेलेल्या मालावर खुशाल बंदी घालावी. विकून झालेल्या मालाची किंमत दोषी कंपनीच्या तिजोरीतून वसूल करावी. सोय बंद करणे अटळच असेल, तर गिऱ्हाइकाला आधी बदली संच किंवा पैसे मिळावेत. आणि निकाल लवकर लागावा. पुण्याच्या बजाज आणि टीव्हीएस यांच्या इंजिनाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली असे दावे सामान्यतः चार महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले होते.

आज खिशातल्या मोबाइलपासून घरातल्या टीव्हीपर्यंत कितीतरी वस्तू दुरून आज्ञा घेतात. त्या आपल्या म्हणायच्या की कंपनीच्या, हे ठरवताना मोठ्यांच्या भांडणात तिसऱ्यालाही एक खुर्ची हवी.